वर्णभेद की वर्णद्वेष?

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेत बसमधल्या आसनावरून उठायला नकार देणाऱ्या काळ्या महिला रोझा पार्क्स यांच्याविषयीच्या मराठी लेखनात कोठे ‘वर्णद्वेष’, कोठे ‘वर्णभेद’ तर कोठे ‘विलगीकरण’ असे शब्द आढळतात. अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांत काळ्यांना बसमध्ये वेगळे बसवण्याची जी पद्धत होती, तिच्यासाठी यांपैकी नेमका शब्द कोणता?

माझे मत ‘वर्णभेदा’च्या बाजूने आहे. द्वेष मनात असतो, भेद व्यवहारात. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कोण कोठे बसणार हे चालकाच्या मनातील प्रेमावर वा रागावर सोडलेले नव्हते. ते शहराच्या नियमांत लिहिलेले होते आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी बसचालकाला पोलिसाचे अधिकार दिलेले होते. स्वभावाने सज्जन असलेला चालकही त्या नियमानुसार भेद करतच होता.

१ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी काय घडले ते थोडे जवळून पाहावे. एका मोठ्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या ४२ वर्षांच्या पार्क्स घरी निघाल्या होत्या. बसमधल्या ३६ जागांपैकी पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. मधल्या रांगांत काळ्यांना बसता येई, पण गोरा प्रवासी उभा राहिला की त्या सोडाव्या लागत. पार्क्स अशाच एका मधल्या रांगेत होत्या. पुढच्या जागा भरल्या आणि एक गोरा गृहस्थ उभा राहिला. त्याला जागा हवी होती एकच. परंतु चालक जेम्स ब्लेक याने त्या रांगेतल्या चौघांनाही उठायला सांगितले, कारण गोऱ्याने आणि काळ्याने एका रांगेत बसायचे नाही असा दंडक होता. तिघे उठले. पार्क्स खिडकीकडे सरकल्या आणि बसून राहिल्या. ‘अटक करवीन’ असे चालक म्हणाला, तेव्हा ‘खुशाल करवा’ एवढ्याच अर्थाचे शांत उत्तर त्यांनी दिले.

हा प्रसंग वाचताना मराठी माणसाला पंगत आठवल्यावाचून राहत नाही. ज्याला आपल्या ओळीत बसू द्यायचे नाही तो अपांक्त, ही कल्पना आपल्याकडे चांगली मुरलेली आहे. मात्र ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द येथे चालणार नाही. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना दुजाभाव करणे हा त्याचा अर्थ, आणि माँटगोमेरीत तर पंगतच एक होऊ द्यायची नव्हती. क्रियापद मात्र पंगतीचेच चपखल बसते. ‘पार्क्स यांनी जागा दिली नाही’ असे लिहिले की एखाद्या वृद्धाला जागा न देणारा प्रवासी डोळ्यांसमोर येतो. ‘त्यांना उठवले, पण त्या उठल्या नाहीत’ असे लिहावे. पंगतीतून उठवण्यातला अपमान कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

‘वर्ण’ म्हटले की चातुर्वर्ण्य आठवते, म्हणून ‘वंशभेद’ लिहावे, असे काही जण सुचवतात. ती अडचण मला फारशी वाटत नाही. गौरवर्ण, श्यामवर्ण या शब्दांत वर्ण म्हणजे रंगच आहे, आणि बसमधल्या पाट्याही रंगाचीच भाषा बोलत. नाझी जर्मनीतल्या ज्यूंविषयी लिहिताना ‘वंश’ हवा, कारण तेथे खूण कातडीच्या रंगाची नव्हती. ‘विलगीकरण’ तर मुळीच नको: साथीच्या दिवसांत रोग्याला बरा होईपर्यंत वेगळे ठेवणे हा त्याचा अर्थ आता घरोघरी पक्का झाला आहे. ‘पृथक्करण’ प्रयोगशाळेला लखलाभ असो.

‘वर्णद्वेष’ हा शब्द मात्र टाकून देऊ नये, त्याची जागा वेगळी आहे एवढेच. पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर न्यायालयीन खर्च ठोठावण्यात आला, तो वर्णभेदाच्या कायद्याखाली. त्यानंतर काळ्यांनी ३८१ दिवस चालवलेल्या बस-बहिष्काराच्या काळात त्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला, तो वर्णद्वेषातून. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने डिसेंबर १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद संपला. पुढच्या काही दिवसांतच त्या बसगाड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तेथे पुन्हा ‘वर्णद्वेष’ हाच शब्द लिहावा लागतो.