दहा इंची चाकू आणि पत्रातली एक ओळ

खारघरच्या एका वाचकांचं लांबलचक पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. वय ४१, ऐरोलीत आयटीत नोकरी, पगार हातात १ लाख ५५ हजार, बायको घर सांभाळते, मुलगी १३ वर्षांची, आठवीत. घराचं कर्ज ५८ लाख बाकी, अजून १६ वर्षं, हप्ता ५५ हजार. छंद आहे हाताने बनवलेले चाकू जमवायचा, म्हणजे कारखान्यातला माल नाही, एकटा माणूस आपल्या शेडमध्ये पोलाद तापवून, ठोकून, घासून महिनाभरात दोन-चार बनवतो तसले. सहा वर्षांत २३ चाकू झाले, खर्च ९ लाख. आता अमेरिकेतल्या एका मेकरकडे साडेतीन वर्षांनी नंबर लागलाय, डमॅस्कस म्हणजे थरांच्या नक्षीच्या पोलादाचा बोवी, म्हणजे लांब पात्याचा शिकारी चाकू, पातं १० इंच, मूठ सांबरशिंगाची, किंमत २२०० डॉलर. त्यासाठी होम लोनवर ३ लाखांचा टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, घ्यायचा विचार आहे, कारण "कर्ज ९ टक्क्यांनी मिळतं आणि चांगले चाकू वर्षाला १५ टक्क्यांनी वाढतात". मुलीच्या शिक्षणासाठी १८ लाख तयार आहेत असं लिहिलंय, त्यात १४ लाख हे चाकू आणि ४ लाख पीपीएफ. प्रश्न एवढाच की घेऊ का.

आणि जाता जाता एक ओळ आहे, "इन्शुरन्सचं टेन्शन नाही, बँकेतून घेतलेली गॅरंटीड पॉलिसी आहे, वर्षाला अडीच लाख भरतो, मुलीसाठीच घेतलीय." त्या ओळीवर मी थांबलो आणि खरं सांगायचं तर पुढचं उत्तर बहुतेक तिचंच आहे.

आधी चाकूचं सांगतो. हा चाकू मागवू नका. परदेशातले मेकर ज्याला सांबर स्टॅग म्हणतात ते शिंग मुळात आपल्याच जंगलातल्या सांबराचं, एकेकाळी इथूनच बाहेर जायचं, आता वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याचा व्यापार बंद आहे. आपल्याकडून बंदी घातलेली वस्तू अमेरिका फिरून तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये परत येणार आणि ती सोडवायला तुम्ही कस्टममध्ये उभे राहणार. दुसरं पातं. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रात धरलेत, घरकाम, शेती, कारखाना अशा वापराचे सोडून, आणि बोवी हा काही भाजी चिरायचा चाकू नाही. मेकरला आजच लिहा की नंबर राहू दे पण ४ इंची पात्याचा हंटर, म्हणजे छोटा शिकारी चाकू, कर आणि मूठ मायकार्टाची (राळेत दाबलेल्या कापडाची) किंवा लाकडाची कर. तो बराच स्वस्तही पडेल.

आता १५ टक्क्यांचा हिशोब. डॉलर ९० धरू. २२०० डॉलर म्हणजे २ लाख, परदेशी चलनासाठी कार्ड लावतं ते फॉरेक्स मार्कअप साडेतीन टक्के म्हणजे ७ हजार, कुरियर-विमा १२-१५ हजार, वर कस्टम आणि जीएसटी मिळून मी ७०-८० हजार धरतो. घरात येईपर्यंत ३ लाख. उद्या विकायचा म्हटलं तर इथे एवढे पैसे मोजणारं गिऱ्हाईक नाही, परत अमेरिकेतल्या डीलरकडेच पाठवावा लागणार, तो विकून देण्याचे २० टक्के घेतो, पाठवायचा खर्च वेगळा. तुमचे नुसते ३ लाख सुटायला तो चाकू ४३०० डॉलरला जायला हवा. म्हणजे किंमत जवळजवळ दुप्पट झाली की तुम्ही शून्यावर, आणि टॉप-अपचं व्याज मी अजून धरलेलंच नाही.

तुम्ही बॉब लव्हलेस या अमेरिकन मेकरचं उदाहरण दिलंय. बरोबर आहे, कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला बसून त्याने ड्रॉप पॉइंट हंटर, म्हणजे टोक किंचित खाली उतरलेला शिकारी चाकू, गाजवला, २०१० मध्ये तो गेला आणि आज त्याचे चाकू हजारो डॉलरला जातात. पण ज्या नाइफमेकर्स गिल्ड या मेकर लोकांच्या संघटनेच्या स्थापनेत १९७० साली तो होता त्या गिल्डमध्ये तेव्हापासून किती मेकर येऊन गेले आणि त्यातली किती नावं तुम्हाला न बघता आठवतात, स्वतःच मोजून पाहा. आणि तुमचे १४ लाख हे विकायला ठेवलेल्या चाकूंच्या किमती बघून काढलेत, विकले गेलेल्यांच्या नाही. सांगितलेली किंमत आणि सुटलेली किंमत यात किती फरक असतो हे खारघरमध्ये फ्लॅट विकायला काढलेल्या कुणालाही विचारा.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की सगळे चाकू लेदरच्या म्यानात घालून कपाटात ठेवतो आणि खंडेनवमीला बाहेर काढून पाटावर मांडतो, मुलगी हळदकुंकू वाहते. वाचून फार बरं वाटलं. पण यंदा खंडेनवमीची वाट बघू नका, आजच काढा. चामड्यात दमट हवा धरून राहते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर खाडीची हवा कपाटातही शिरते. वाशीतल्या माझ्या एका क्लायंटने माझ्यासमोर असाच एक चाकू म्यानातून ओढला, पात्यावर धारेपासून बोटभर वर तपकिरी ठिपक्यांची रांग आणि मूठ आणि पात्यामधल्या पितळी गार्डला हिरवा थर. कार्बन स्टील होतं. पॉलिश केल्यावर ठिपके गेले पण खड्डे राहिले, आणि खड्डे असलेल्या पात्याचे डीलर निम्मेही देत नाही. म्यान वेगळं, चाकू वेगळा, पात्याला मिनरल ऑइलचा हात, सिलिका जेलच्या पुड्या. मुलीच्या फीचे पैसे गंजत नाहीत अशा ठिकाणी ठेवायचे असतात, म्हणून ते १४ लाख त्या रकान्यातून खोडा. छंदाच्या रकान्यात लिहा, तिथे ते शोभतात.

आता ती ओळ. वर्षाला अडीच लाख, दहा वर्षं भरायचे, म्हणजे २५ लाख, आणि विसाव्या वर्षी ५० लाख, पैसे डबल, गॅरंटीड. बँकेतल्या माणसाने असंच सांगितलं असणार, मला हे ऐकून ऐकून आता राग येतो. पैसे दहा वर्षांत थोडे थोडे भरता म्हणजे सरासरी साडेपंधरा वर्षं ते तिकडे अडकतात. पैसे किती टक्क्यांनी डबल झाले हे ढोबळ काढायला ७२ ला वर्षांनी भागायचं. ७२ भागिले साडेपंधरा, साडेचार टक्के झाले. तुम्ही घरकर्जावर साडेआठच्या आसपास व्याज भरताय आणि त्याच पगारातून साडेचार टक्क्यांनी पैसे ठेवताय. बरं, तीन हप्ते भरून झालेत म्हणजे पैसे मिळायला अजून १७ वर्षं. मुलगी आज १३ ची, तेव्हा ३० ची असेल. इंजिनिअरिंगची फी तिला १८ व्या वर्षी लागणार आहे हो! ही पॉलिसी मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून कुणी कशी विकू शकतं, आणि तुम्ही इतके हिशोबी, चाकूचं पोलाद १०९५ जातीचं आहे की ५२१०० हे मेकरला तीनदा विचारणारे, तुम्ही हे न विचारता सही कशी केलीत?

त्याहून वाईट म्हणजे यात विमा आहे फक्त २५ लाखांचा. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर वहिनींच्या हातात २५ लाख आणि डोक्यावर ५८ लाखांचं कर्ज, उरले ३३ लाख देणं, आणि घरात २३ चाकू ज्यातला कुठला ३ हजारांचा आणि कुठला दीड लाखाचा हे त्यांना माहीत नाही. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर तो नोकरी आहे तोवर, त्याला धरून चालू नका.

तर करायचं काय. याच महिन्यात २ कोटींची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारी, वय ६० पर्यंत, कुठलेही पैसे परत देणारी नको. कर्ज ५८ लाख, बाकी घरखर्च आणि शिक्षण म्हणून २ कोटी. सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण ४० ते ५० हजार पडतील, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. मेडिकल करून घ्या, बीपीची गोळी चालू असेल तर लिहा, लपवू नका. आणि फॉर्म भरतानाच मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट १८७४ खाली घ्या, म्हणजे पैसा बायको-मुलीचाच राहतो, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. नंतर करू म्हटलं तर हे करता येत नाही.

मग जुनी पॉलिसी. आत्ता मोडली तर भरलेल्या साडेसात लाखांतले हमीचे साधारण ३५ टक्के, म्हणजे अडीच लाखांच्या वर थोडे मिळतील, कंपनी कदाचित जास्त देईल. मी मोडा म्हणत नाही, पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू. तीन हप्त्यांच्या हिशोबाने शेवटी १५ लाखांच्या आसपास मिळतील, नक्की आकडा कंपनीकडून लेखी मागवा, बँकेच्या माणसाच्या तोंडावर जाऊ नका. पुढचे सात हप्ते भरत राहिलात तरी त्या साडेसतरा लाखांवर तुम्हाला पाच टक्केच सुटतात, आणि तेही मुलीचं शिक्षण उरकून गेल्यावर.

वाचलेल्या अडीच लाखांतून टर्मचे ५० हजार, उरले २ लाख. चाकूंवर वर्षाला सरासरी दीड लाख जातो, त्यातला निम्मा, म्हणजे ७५ हजार, मुलीकडे वळवा. पावणेतीन लाख गुणिले चार वर्षं, ११ लाख, पीपीएफचे ४, वर व्याज, १७ च्या आसपास होतात. तुम्ही लिहिलेल्या १८ च्या जवळच आलो, फक्त हे खरे पैसे आहेत. चार वर्षं हा काळ कमी आहे म्हणून आरडी आणि एफडीच, शेअर बाजार इथे नको. टॉप-अप तर अजिबात नको. उरलेल्या ७५ हजारांत वर्षाला एक चांगला चाकू येतो, तो घ्या आणि मनापासून घ्या.

आणि एक वही करा. नेरुळच्या एक बाई नवरा गेल्यानंतर माझ्या ठाण्याच्या ऑफिसात शूजच्या खोक्यात चाळीस फाउंटन पेनं घेऊन आल्या होत्या, रद्दीवाल्याने सगळ्यांचे मिळून ८०० सांगितले होते आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. तुम्ही प्रत्येक चाकूचा फोटो, मेकरचा शिक्का, पोलाद, बिल, किती दिले आणि विकायचा झाला तर कुणाला फोन करायचा, असं वहिनींसोबत बसून लिहा. २३ पानं होतील, दोन रविवारचं काम आहे.

पॉलिसीचा चौथा हप्ता मार्चमध्ये ऑटो-डेबिट होतो असं तुम्ही लिहिलंय. आधी टर्म पॉलिसी हातात येऊ दे, मगच ऑटो-डेबिटचा तो मँडेट कायमचा बंद करा, क्रम उलटा करू नका. मार्चपर्यंत टर्म आली नाही तर फक्त मार्चचं डेबिट थांबवा, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पीरियड, म्हणजे उशिरा भरायची मुदत, असतो, तो वापरा.