दरडोई उत्पन्न भरपूर, पण राहणाऱ्यांचं काय? जीवनमान मोजायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रदेश श्रीमंत, भाषा-धर्म-मूळगावांनी मिश्र, दरडोई उत्पन्नात वरच्या रांगेत. तरी रहिवासी म्हणतात की जगणं अवघड होत चाललंय. खरं कोणाचं, आणि रहिवासी संघाला हे स्वतः तपासता येईल का?

दोघांचंही खरं असू शकतं. दरडोई उत्पन्न म्हणून सांगितला जाणारा आकडा बहुधा दरडोई उत्पादनाचा असतो. त्या अपूर्णांकात अंशाला त्या हद्दीत झालेलं सगळं उत्पादन असतं, छेदाला मात्र तिथे राहणारी माणसंच. बाहेरून रोज कामाला येणाऱ्यांचं उत्पादन वर मोजलं जातं, पण ते स्वतः खाली मोजले जात नाहीत. लक्झेंबर्गचा आकडा फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येणाऱ्या कामगारांमुळे असाच फुगतो. म्हणून कर वजा जाता कुटुंबाच्या हातात राहणारं उत्पन्न घ्या, आणि तेही सरासरीने नव्हे, मध्यकाने, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने. दहा कुटुंबांपैकी नऊंचं उत्पन्न 30 आणि एकाचं 330 असेल तर सरासरी 60 येते. मध्यक 30. नऊ घरं 30 मध्येच भागवतात.

यानंतर घराचा खर्च. भाडं किंवा गृहकर्जाचं व्याज, वीज, पाणी, देखभाल हे सगळं धरून तो उत्पन्नाच्या 40 टक्क्यांवर गेला की युरोपीय सांख्यिकीत त्या घरावर ‘जादा बोजा’ मानतात. इथेही सरासरी टक्का काढू नका, बोजाखालच्या घरांचं प्रमाण काढा. भाडेकरू आणि मालक वेगळे ठेवा. कर्ज फिटलेले मालक आकडा इतका खाली ओढतात की भाडेकरूंची अडचण दिसेनाशी होते.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढेच आहे, आणि अहवालांत ती क्वचित येते. भाडं न परवडलेली कुटुंबं निघून जातात, त्यांच्या जागी जास्त कमावणारी येतात. उत्पन्न, शिक्षण, आयुर्मान, सगळे आकडे सुधारतात, पण एकाही जुन्या रहिवाशाचं आयुष्य सुधारलेलं नसतं. हे ओळखायचं तर पाच वर्षांपूर्वी तिथे असलेली आणि आजही असलेली कुटुंबं वेगळी काढून त्यांचीच तुलना करावी लागते. शक्य असेल तर गेलेल्यांपैकी काहींना गाठून एकच विचारा: का गेलात? एवढा त्रास घ्याच. यावाचून ‘प्रगती’ या शब्दाला आधार नाही.

विविधतेचे दोन आकडे लागतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला मिश्रणाचा: सहज उचललेल्या दोन व्यक्ती वेगळ्या गटांतल्या असण्याची शक्यता. गट 50, 30 आणि 20 टक्के असतील तर वाट्यांच्या वर्गांची बेरीज 0.38, ती 1 मधून वजा केली की 0.62. दुसरा विलगतेचा: दोन गट सगळ्या वस्त्यांत सारख्या प्रमाणात पसरायचे तर एका गटातल्या किती टक्के लोकांना घर बदलावं लागेल. मिश्रण 0.62 असूनही प्रत्येक गट आपापल्या कोपऱ्यात राहत असू शकतो. शाळा, दवाखाना, बस यांची तफावत मग तिथेच साचते. वस्तीचा नकाशा लहान तुकड्यांत पाहा. मोठ्या प्रभागात विलगता लपते.

सर्वेक्षणासाठी यदृच्छ (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) निवडलेली 400 घरं घेतली तर टक्केवारीत साधारण 5 अंक इकडे-तिकडे होण्याची मुभा राहते. पण त्यात 10 टक्क्यांचा एखादा गट असेल तर त्याची घरं 40 आणि चूक 15 अंकांपर्यंत, म्हणजे त्या गटाबद्दल फारसं काही सांगता येत नाही. छोट्या गटांतून मुद्दाम किमान 100 घरं घ्या (चूक 10 अंकांवर येते) आणि एकूण आकडा काढताना त्यांच्या खऱ्या प्रमाणाचं वजन लावा. वजन विसरलं की एकूण आकडा बिघडतो. फक्त दिवसा दारं ठोठावली तर कामाला जाणारे सुटतात. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीही जा. प्रश्नावली प्रत्येक भाषेत करून दुसऱ्या माणसाकडून मूळ भाषेत परत आणून ताडून पाहा. ‘समाधान’ आणि ‘आनंद’ यांची सीमा प्रत्येक भाषेत वेगळी असते. आयुष्याला 0 ते 10 च्या शिडीवर कुठे ठेवाल, हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. पाणी-कचऱ्याच्या तक्रारी आधी काढल्या तर उत्तरं घसरतात.

प्रवासासाठी ‘रोज किती वेळ लागतो’ असं विचारू नका. काल दारातून निघून दारात परतेपर्यंत, थांबून राहिलेल्या वेळासह, किती मिनिटं गेली ते विचारा. हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा घ्या: पीएम 2.5 (हवेतले 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण) वार्षिक सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. एका केंद्राचा आकडा मात्र रस्त्याकडेच्या घरांना लागू होत नाही.

शेवटी सगळ्याचा एकच गुणांक करण्याचा मोह होईल. करायचाच तर संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात 2010 पासून वापरतात तसा गुणोत्तर मध्य घ्या, म्हणजे तीन आकडे असतील तर त्यांच्या गुणाकाराचं घनमूळ. 0.9, 0.9, 0.3 यांची साधी सरासरी 0.7, गुणोत्तर मध्य 0.62; एका बाजूची पडझड दुसऱ्या बाजूच्या श्रीमंतीने पूर्ण झाकली जात नाही. सोबत गटवार तक्ता हवाच. ज्या गटाची 30 पेक्षा कमी घरं हाती आली, त्याचा आकडा छापू नका: तो अस्थिर असतो, आणि छोट्या वस्तीत घर कोणाचं हेही ओळखू येतं.