ट्रेनिंगला पाठवलं, पण उत्पादन तेवढंच

"कामगाराच्या ट्रेनिंगची फी भरली, त्याच्या पाळीला बदली माणूस ठेवला, आणि उत्पादन आहे तिथंच. आता शिकलेला माणूस दुसऱ्यानं पळवला म्हणजे झालं!" सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार सांगत होते. ही काळजी घेऊन माझ्याकडे बरेच मालक सल्ल्याला येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ट्रेनिंग घेऊन आलेल्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, मी वेगळं भेटले. सुरुवातीला तो गप्पच होता. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर रकाने आखलेले: माग नंबर, कधी थांबला, कशानं थांबला, ताणा (उभा धागा) तुटला की बाणा (आडवा), कुठल्या जागी. वरच्या चार ओळी भरलेल्या, खाली कोरं.

"मॅडम, माग बंद ठेवून बघायला गेलं की विणणारा ओरडतो. त्याची मजुरी पिसावर, नगावर हाय. त्याचं बी बरोबर हाय की. आणि मालक येऊन विचारणार, माग का बंद?"

तो शिकून आला होता, यात शंका नव्हती. वापरायला जागा नव्हती. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: माणसाला ते पटलं का, तो शिकला का, कामात वापरतो का आणि त्यातून धंद्याला काय मिळालं. मालक थेट चौथी पायरी मोजत होते. तिसरी त्यांच्याच कारखान्यात अडली होती. माझ्या अनुभवात बहुतेक ट्रेनिंग इथंच वाया जातं, आणि दोष मात्र शिकून आलेल्याच्या माथी बसतो. ते मला फार अन्यायाचं वाटतं.

आम्ही तिघं एकत्र बसलो. ठरलं ते साधंच होतं. आधी दोनच माग घ्यायचे. तपासणीसाठी माग थांबेल तेवढ्या वेळाची सरासरी मजुरी विणणाऱ्याला द्यायची. यावर मालक बराच वेळ अडून बसले, शेवटी तयार झाले. आणि मागावर आल्यावर त्यांनी आधी कागद बघायचा, मग बोलायचं.

कागद भरत गेला तसं दिसलं, की एका मागावर ताणा दरवेळी जवळपास एकाच जागी तुटतोय. ताण्याचे धागे ज्या फणीतून जातात, तिच्यातली एक पात घासली होती. फणी बदलली आणि त्या मागाचं थांबणं कमी झालं, सेकंड, म्हणजे दोष असलेला मालही कमी निघू लागला. पूर्ण कारखान्याचं उत्पादन वाढलं, असं मी म्हणणार नाही. रात्रपाळी अजून कागद भरत नाही.

माणूस सोडून जाईल, ही भीती राहतेच. पण जॉबरनं मला सांगितलं होतं, की त्याच्या मनात नोकरी सोडायचं आलं ते ट्रेनिंगहून परत आल्यावर, कुणी काही करूच देईना तेव्हा. हे त्याच्या परवानगीनं मी मालकांच्या कानावर घातलं. पुढच्या वेळी कुणाला आणि कशासाठी पाठवायचं, हे ते आता त्यालाच विचारून ठरवणार आहेत.