सांगता न येणाऱ्या गोष्टीला संसारात किती महत्त्व द्यायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, खायला-ल्यायला कमी नाही, तरी घरातून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणतात, 'कमी काय आहे ते तर सांग.' तुम्हाला ते सांगता येत नाही, म्हणून ते मनाचे खेळ आहेत का, हा तुमचा प्रश्न.

मला ते मनाचे खेळ वाटत नाहीत. मी यवतमाळकडची, कापूस-तुरीच्या घरातली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि त्याला सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' माझे सासरे व्यवहाराला फार कडक. कापसाच्या भावावर व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस करतील. पण बैलाच्या मानेवर हात ठेवून ते हे आवतन दरवर्षी पूर्ण देतात, घाईत उरकत नाहीत. पुरणपोळी तर बैलाला तशीही मिळणारच असते. मोजायला गेलं तर आवतनावाचून काहीच अडत नाही. तरी ते न देता पोळा झाला, असं आमच्या घरात कोणी म्हणणार नाही.

माणसांचंही तेच. आमच्या गावात दोन भावांच्या वाटण्या झाल्या, मोजणी झाली, मधे धुरा म्हणजे बांध पडला, कोणाची तक्रार नव्हती. पुढे थोरल्याच्या पोरीचं लग्न ठरलं आणि धाकट्याकडे पत्रिका शेजारच्या पोराच्या हातून गेली. घराला घर लागून, पण थोरला स्वतः अक्षता घेऊन आला नाही. धाकटा लग्नाला गेला नाही आणि तेव्हापासून अबोला आहे. कोणत्याही कागदावर त्याचं काही नुकसान दिसणार नाही, पण गावातलं एकही माणूस त्याला 'तुला कमी काय केलं' असं विचारत नाही. सगळ्यांना समजतं.

मला वाटतं, मानपानाला रीत आहे म्हणून तो चुकला की चारचौघांना दिसतो. नवरा-बायकोतल्या आपुलकीला तशी ठरलेली रीत नाही. ती आटली तरी दाखवायला काही नसतं, आणि मग बाईच हट्टी ठरते. तुमच्याकडे पुरावा मागणं मला म्हणूनच पटत नाही.

आता करायचं काय? 'तुमचं प्रेम राहिलं नाही' असं नवऱ्याला म्हणू नका. त्यावर तो 'मग हे सगळं कोणासाठी करतो?' म्हणेल आणि बोलणं तिथंच संपेल. तुम्हाला ते कधी जाणवतं, तेवढं सांगा. वावरातून आल्यावर आधी तो काय काय बोलायचा, आता ताट समोर आलं की मोबाइल बघतो. तुम्ही माहेराहून आलात तर तिथलं कोणी कसं आहे हे विचारत नाही. अशा दोन-तीन गोष्टी पुरेत. आणि त्यालाही विचारा की त्याला काय जाणवतं. यंदा पिकाचं, कर्जाचं काही मनात घेऊन तो गप्प असेल, तर आपल्या भागात ते हलक्यात घ्यायचं नसतं. त्याची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलत असेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी सेवेची, मोफत हेल्पलाइन आहे, तिथं रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येतं. हे सगळं तुमच्या बाबतीत होत असेल तर तुम्हीही फोन करा.

एक मात्र सांभाळा. मनात आलेली प्रत्येक शंका याच खात्यात टाकू नका. संशयही असाच सांगता न येणारा असतो, आणि तो घर पोखरतो. नवरा जवळ यावा असं वाटतंय की त्याला कुठंतरी पकडावं असं वाटतंय, हे आधी स्वतःशी बघा. तुमच्या लिहिण्यावरून मला तरी पहिलंच दिसलं.

सासूबाईंना सांगायचं का, असंही तुम्ही विचारलंय. आत्ताच नको. आधी तुम्ही दोघं बोला, तेही रात्री थकून आडवे झाल्यावर नाही. रविवारी दुपारी वावरात सोबत जा, शिदोरी तिथंच सोडा आणि बोला. त्यानं ऐकून घेतलं तर सासूबाईंपर्यंत जायची गरजही पडणार नाही. नाहीच घेतलं, तर दिरांपैकी किंवा तुमच्या भावांपैकी ज्याचं तो ऐकतो, त्याच्या कानावर घाला.