वाचकांचे प्रश्न : अर्थ ठाऊक नसलेला शब्द पटावर चालतो का?

प्रश्न : स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल पटावर मांडून इंग्रजी शब्द बनवण्याचा खेळ) खेळताना प्रतिस्पर्ध्याने सी, डब्ल्यू आणि एम ही तीनच अक्षरे मांडून तो शब्द असल्याचे सांगितले. त्यात एकही स्वर नाही आणि त्याचा अर्थ त्यालाही सांगता आला नाही. असा शब्द ग्राह्य धरावा काय?

उत्तर : धरावाच लागेल. हा शब्द वेल्श भाषेतून इंग्रजीत आला. त्या भाषेत डब्ल्यू हे अक्षर स्वराचेही काम करते, त्यामुळे त्याचा उच्चार ‘कूम’ असा होतो. हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरून काढलेल्या खोलगट भागाला कूम म्हणतात; एव्हरेस्टच्या वाटेवरील ‘वेस्टर्न कूम’ गिर्यारोहकांच्या परिचयाचा आहे. अर्थ सांगता यावा अशी अट खेळाच्या नियमांत नाही, शब्द मान्य यादीत असला म्हणजे झाले. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌स यांनी तर फ्रेंच बोलता येत नसताना केवळ शब्द पाठ करून 2015 मध्ये फ्रेंच भाषेतील जागतिक स्पर्धा जिंकली.

तरीही आपल्यासारख्यांनी अर्थ पाहून ठेवावा, असे माझे मत आहे, कारण शब्दापुढे एस जोडता येईल की नाही, याचा अंदाज बहुधा अर्थावरूनच येतो. ‘कूम’ हे नाम असल्याने त्याचे अनेकवचन चालते. उलट क्यू-यू-ए हा ‘अमुक या नात्याने’ अशा अर्थाचा शब्द असल्याने त्याला एस लावणारा खेळाडू हरकत घेतली जाताच आपली खेळी गमावून बसतो.

प्रश्न : हाती क्यू आला आणि यू नसला, तर काय करावे?

उत्तर : घाबरून टाइल बदलण्याआधी पटावर कोठे मोकळा आय सापडतो का, ते पाहावे. क्यू-आय हा शब्द चिनी विचारातील जीवनशक्तीसाठी वापरला जातो आणि त्याचा उच्चार ‘ची’ असा आहे. क्यूचे मूळ गुण 10 आहेत. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घराच्या बरोबर खाली आय आधीच मांडलेला असेल आणि आपण त्या घरात क्यू ठेवून शेजारी दुसरा आय लावला, तर हाच शब्द आडवा आणि उभा असा दोनदा तयार होऊन 31 अधिक 31, म्हणजे 62 गुण पदरात पडतात. दोन टाइलांत याहून घसघशीत कमाई क्वचितच होते. याखेरीज क्यू-ए-टी (येमेनमध्ये चघळली जाणारी उत्तेजक पाने) आणि एस-यू-क्यू (अरबी बाजार) हे शब्द उपयोगी आहेत. फकीर, निकाब आणि तलाक हे शब्दही क्यू घेऊन, पण यूविना लिहिता येतात. त्यांचे अर्थ मराठी वाचकाला वेगळे सांगायला नकोत.

प्रश्न : झेड-ओ हा शब्द एका यादीत आहे, दुसरीत नाही. खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही याद्या आपापल्या जागी अधिकृत आहेत. उत्तर अमेरिकेतील स्पर्धांची यादी वेगळी आहे, तर इतर बहुतेक देशांत कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाची यादी वापरतात. याक आणि गाय यांच्या संकरातून जन्मलेल्या जनावराचे हे नाव कॉलिन्समध्ये चालते, अमेरिकी यादीत चालत नाही. कोणती यादी मानायची, हे पहिली टाइल पटावर पडण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.