निवृत्तीनंतर एका घरात, पण सोबत नाही

"हे रिटायर झाल्यापासून घरात आम्ही दोघंच, तरी बोलायला काही उरलंच नाही." साठीच्या आसपासच्या किती बायकांकडून हे ऐकलंय! नवऱ्यांची तक्रार वेगळी: "आता मी वेळ देतोय, तर हिला त्याचं काही नाही."

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका जोडप्याची हकीकत सांगते. काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. जन्म साइट, बिलं आणि बदल्यांत गेला. आता बायकोला फिरवायचं ठरवून सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी तिला साताऱ्याजवळ भांबवलीला वजराई धबधब्यावर नेलं. रानातली छोटी पायवाट. परतले ते अबोला धरून.

"मॅडम, धबधब्यासमोर मी एकटाच उभा. ही मागे रेंगाळत होती."

"गुडघा दुखत होता," काकू म्हणाल्या. "आणि रेंगाळत नव्हते, बघत होते. तेरडा फुललेला, एका बुंध्यावर आळंबी उगवलेली. हाक मारली यांना, अहो, हे बघा ना."

"मग काका, तुम्ही काय म्हणालात?"

"चल लवकर, उशीर होतोय."

"बघा!" काकूंचा आवाज कापरा झाला. "इतकी वर्षं मी यांची पाठच बघत आलेय."

काका बराच वेळ गप्प. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की समोरच्याच्या हातात येत असलेलं निसटतं. मग ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे मी धबधबासुद्धा मुदतीत पूर्ण करत होतो."

इतकं नेमकं निदान मलाही करता आलं नसतं!

माझा भर नेहमीच या छोट्या हाकांवर असतो. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास केला. सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्या जोडप्यांनी सुरुवातीला एकमेकांच्या अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा प्रतिसाद दिला होता, विभक्त झालेल्यांनी फक्त ३३ वेळा. तो अभ्यास तरुणांचा, पण साठीतली जोडपीही याच हाकांवर सावरताना मी पाहिली आहेत. "हे बघा ना" म्हणणाऱ्या बाईला फूल दाखवायचं असतंच, पण त्याहून जास्त तुम्ही शेजारी हवे असता.

मी सांगितलं, पुन्हा जा. काकू पुढे, काका मागे. त्या थांबतील तिथे थांबायचं. धबधबा गाठलाच पाहिजे असं नाही.

गुडघा कुरकुरला म्हणून ते अर्ध्या वाटेवरून परतले. पण माझ्याकडे आले ते एकमेकांची वाक्यं तोडत! झाडीत कुणीतरी शीळ घालतंय असं वाटून दोघं थांबले, तर तो शीळकरी कस्तुर निघाला. पक्षी आधी काकांना दिसला, आणि या वेळी हाक त्यांनी मारली.

तेव्हा निवृत्त काकांनो, मोठ्या सहलींचे बेत नंतर करा. आज ती जे दाखवेल त्याकडे मान वळवा. आणि काकूंनो, मनातलं त्यांनी ओळखावं याची वाट पाहू नका. "जरा थांबा, मला तुमच्यासोबत चालायचंय" असं सरळ म्हणा. गुडघ्यांचं दुखणं उतारावर जास्त जाणवतं, म्हणून हातात काठी ठेवा आणि डॉक्टरांना आधी दाखवा.

मात्र निवृत्तीनंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो नुसता अबोला समजू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.