आरतीत चेहरे काळे का येतात?

प्रश्न : घरच्या गणपतीची आरती हॅन्डीकॅमवर शूट करतो. बाजूला उभं राहिलं की मखराचं लाइटिंग फ्रेममध्ये येतं आणि आजीचा चेहरा काळा पडतो, वर निरांजन फिरवलं की सगळं पिक्चर उजळतं-मंदावतं. कॅमेरा आत्याने अमेरिकेहून आणलाय, त्यात ट्यूबलाइट पण लुकलुकते. काय करू?

उत्तर : ऑटो एक्स्पोजरला, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्याला, आजी कोण आणि मखर कुठलं हे कळत नाही हो, ते सगळ्या फ्रेमचा उजेड धरून हिशोब करतं, दिवे जास्त दिसले की आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, बारीक करतं आणि माणसं काळी पडतात. ज्योत पुढे आली की पुन्हा तेच. बॅकलाइटचं बटण पिक्चर थोडं उजळ करेल पण ऑटो चालूच राहतं, म्हणजे ती चढउतार काही थांबणार नाही.

म्हणून आरती सुरू व्हायच्या आधीच एक्स्पोजर लॉक करा. आजीच्या जवळ जा, फ्रेम चेहऱ्याने भरू द्या, पिक्चर स्थिर झालं की मेनूत एक्स्पोजर मॅन्युअल करा आणि मग मागे या. हे झूम करून करू नका, कारण झूम टोकाला नेला की बहुतेक हॅन्डीकॅमच्या लेन्समधून उजेड कमी येतो आणि मोजमाप फसतं. टचस्क्रीनवर स्पॉट मीटर, म्हणजे एकाच जागेचा उजेड मोजायची सोय, असेल तर चेहऱ्यावर बोट ठेवलं तरी भागतं. मखराचे दिवे पांढरे फटक येतील, येऊ देत, मखराचा शॉट नंतर सावकाश वेगळा घ्या. आणि माणसांच्या बाजूचा एक दिवा चालू ठेवाच, कारण अंधारात कॅमेरा गेन, म्हणजे सिग्नलची ताकद, वाढवतो आणि पिक्चर रवाळ होतं, कितीही सेटिंग करा ते जात नाही.

लुकलुकीचं कारण वेगळं. तिकडची वीज 60 हर्ट्झ, आपली 50, आपल्या साध्या चोकच्या ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळतात आणि तिकडचा कॅमेरा 60 च्या हिशोबाने चालतो. मॉडेलमध्ये शटर स्पीड (प्रत्येक चित्र किती वेळ उजेड घेतं ते) असेल तर 1/100 सेकंद ठेवा, बराच फरक पडेल.

प्रश्न : गच्चीवर ट्रायपॉड लावून विसर्जन मिरवणूक शूट केली. कॅमेरा वळवून थांबवला की पिक्चर जरा पुढे सरकतं आणि मग बसतं. ट्रायपॉड बदलू का?

उत्तर : अजिबात नको, पैसे वाचवा. हा स्टेबिलायझेशनचा, म्हणजे हलणारं पिक्चर स्थिर ठेवणाऱ्या सोयीचा, उद्योग आहे. कॅमेऱ्यातला जायरो सेन्सर हालचाल ओळखून उलट दिशेने भरपाई करतो, तुम्ही मुद्दाम वळवताय हे त्याला उशिरा कळतं. ट्रायपॉडवर ते बंद ठेवा. हातात धरताना मात्र चालू हवंच, आणि लेझीम पथकासोबत चालत शूट करणार असाल तर स्टेबिलायझेशनचा जास्त जोरदार अॅक्टिव्ह मोड लावा, त्यात बहुतेक कॅमेऱ्यांत फ्रेमच्या कडा थोड्या कापल्या जातात म्हणून जरा मोकळी फ्रेम धरा. झूम पूर्ण मागे, वाइडवर. फुल झूमला हातात धरलेला कॅमेरा कुठलंच स्टेबिलायझेशन पूर्ण सावरत नाही, तेव्हा कठड्यावर कोपरं टेकवा. डिजिटल झूम, म्हणजे लेन्सऐवजी पिक्चरच ताणून मोठं करणारा, मेनूतून बंदच करून टाका.